शेराची शीग आणि घराचा कागद

आमच्या घरात एक पितळी शेर आहे. काठाला एका बाजूने चेपलेला, आतून घासून घासून पिवळाधमक. आजी त्याने तांदूळ मोजायची. गोव्यातल्या डिचोलीत आमच्या वाड्यावर पाणंदीच्या दोन्ही अंगांना मिळून तेरा घरं होती, आणि तेराही घरांतली उसनवारी या एकाच शेराने चालायची. उसने घेताना शेर सपाट भरायचा, काठावरून तळहात फिरवून. परत करताना शीग लावून, काठावर ढीग येईपर्यंत भरून द्यायचा. ती शीग कुणी आपल्या डब्यात ओतत नसे. ती वेगळ्या मडकीत पडायची, आणि ज्या घरातून सकाळी धूर निघाला नाही त्या घरी संध्याकाळी ती मडकी जायची. कुणी दिली, कुणी घेतली, याची वही कधीच नव्हती. आजी म्हणायची, वही ठेवली असती तर मडकी रिकामी राहिली असती.

दर डिसेंबरात मला हा शेर आठवतो. १९ तारखेला, गोवा मुक्तिदिनी, हुतात्म्यांना फुलं वाहिली जातात, १९६१ साली भारतीय फौजांनी गोवा सोडवला त्या ऑपरेशन विजयचे ३६ तास पुन्हा सांगितले जातात. ते सांगायलाच हवेत. पण आमच्या वाड्याचं युद्ध ३६ तासांचं नव्हतं. ते १९४२ साली सुरू झालं आणि मधली काही वर्षं सोडली तर १९६१ पर्यंत चाललं. ते लढल्या बायका, आणि घरं राखली ती त्यांनीच. भिंती लिंपून, भाटकाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे राबून, खाणीवरचं खनिज डोक्यावरून वाहून राखली. पुढे त्या घरांचे कागद करायची वेळ आली तेव्हा नावं मात्र पुरुषांची लागली. मुंडकारांचे, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचे, जे दावे आजही कचेऱ्यांत पडून आहेत, त्यांत तरी ही चूक सुधारायला हवी, एवढं माझं म्हणणं आहे.

पोर्तुगाल दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होता, म्हणून गोव्यात युद्ध आलंच नाही असं आपण सहज बोलून जातो. आलं म्हणून सांगतोच कुणी, तर मुरगाव बंदराची गोष्ट सांगतो. आसऱ्याला थांबलेल्या जर्मन बोटी, ९ मार्च १९४३ ची रात्र, कलकत्त्याहून आलेल्या इंग्रज स्वयंसैनिकांचा छापा, पेटलेली एहरेनफेल्स ही बोट. गोष्ट थरारक आहे आणि खरीही आहे. डिचोलीच्या चुलीपर्यंत युद्ध पोचलं ते मात्र त्याच्या वर्षभर आधी. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. गोव्यात पिकणारं भात गोव्याला कधीच पुरत नव्हतं. खाजन (खाडीकाठची) आणि मरड (उंचावरची) शेतीवर वर्षाचे काही महिने निघायचे, बाकीचे बाहेरच्या तांदळावर. तो तांदूळ थांबला, नि दुकानात रेशनची रांग लागली.

आजीचं नुकतंच लग्न झालेलं. नवरा मुंबईत गिरणीत. वाड्यावरच्या बहुतेक घरांची हीच गत होती. कुणाचा मुंबईत, कुणाचा बेळगावात, पाणंदीच्या टोकाला राहणाऱ्या ख्रिस्ती घरातला मुलगा आगबोटीवर. घरात म्हातारी माणसं, पोरं आणि बायका. त्या दोन-तीन पावसाळ्यांत वाड्याने काय खाल्लं ते आजी बोटांवर मोजून सांगायची. नाचण्याची आंबील. कणगां आणि सुरण. फणसाची बिकणां, मातीत घोळवून, सुकवून, आषाढासाठी राखलेली. पेज इतकी पातळ की वाडग्यात आढ्याचे वासे दिसावेत. युद्धाबद्दल मी एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "झुजाचें कितें, आमकां तांदळाचें पडिल्लें." म्हणजे, युद्धाचं काय, आम्हाला तांदळाची पडली होती. तेव्हा मला वाटलं, तिला जगाची खबर नव्हती. आज तसं वाटत नाही. रंगून पडल्याचा अर्थ तिला बातमी वाचणाऱ्यांपेक्षा लवकर कळला होता.

शिगेची मडकी याच दिवसांतली. तिला कुणी सहकार म्हटलं नाही, संस्था म्हटलं नाही, पण टंचाईत तेरा घरांपैकी एकही घर उठून गेलं नाही ते तिच्यामुळे, असं वाड्यावर सगळे मानतात. मीही मानते.

पण त्या एकोप्याचं गोड चित्र काढून थांबले तर मी खोटी ठरेन. पाणंदीच्या खालच्या बाजूला दोन घरं होती. त्यांनाही शेर मिळायचा, पण हातात नाही. उंबऱ्याबाहेर सूप ठेवायचं, वरून तांदूळ ओतायचे. परत करताना त्यांनी लावलेली शीग मडकीत जायची का, हे मी आजीला विचारलं होतं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "ती शीग आम्ही कोंबड्यांना घालायचो." भुकेच्या दिवसांत. कोंबड्यांना. हे वाक्य माझ्या मनातून जात नाही, आणि वाड्याचं कौतुक करताना दरवेळी मी ते स्वतःला ऐकवते.

दुसरी किंमत बायकांनी एकमेकींकडून वसूल केली. जिचा नवरा मुंबईहून पत्र पाठवेनासा झाला, तिच्यावर तेरा घरांचे डोळे. ती तळ्यावर केव्हा गेली, पसरकाराच्या दुकानात किती वेळ उभी राहिली, रात्री दिवा केव्हा मालवला. एका सुनेला या नजरांनी माहेरी घालवलं, आणि माहेरच्यांनी परत पाठवलं. पोटाला घालणारा वाडा आणि जीव गुदमरवणारा वाडा एकच होता. म्हणून 'तेव्हा किती माया होती' म्हणून उसासे टाकण्यात मला रस नाही. त्या बायकांना मायेपेक्षा हक्काचं काही मिळालं असतं, तर एकमेकींवर पहारा ठेवायची गरज थोडी कमी पडली असती असं मला वाटतं.

१९५५ नंतर दुसरी फेरी आली. १५ ऑगस्टच्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि भारताने सरहद्द बंद केली. रेल्वे थांबली, मुंबईहून येणाऱ्या पैशांची वाट अडली. या नाकेबंदीबद्दल गोव्यात एक समज घट्ट आहे: काही कमी पडलं नाही, उलट चंगळ झाली. बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, तांदूळ पाकिस्तानचा, सिमेंट जपानचं. पणजी-मडगावच्या दुकानांत हे सगळं होतं, हे खरंच. पण दुकानातला बटाटा हॉलंडचा असो की खेडचा, तो विकत घ्यायला खिशात काही लागतं. ज्या घराची मिळकतच सरहद्दीपलीकडे होती, त्या घराची चंगळ कशी होणार? दोडामार्ग आमच्या वाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण आजीचा भाऊ सरहद्दीच्या त्या बाजूला, आणि ती त्याच्या मुलाच्या बारशाला जाऊ शकली नाही.

मग बायका खाणीवर गेल्या. पन्नासच्या दशकात गोव्याचं लोहखनिज जपानला जाऊ लागलं होतं, आणि यंत्रं येईपर्यंत ते काढायचं, फोडायचं, निवडायचं आणि वाहायचं काम हातांनीच व्हायचं. त्या हातांत बायकांचे हात पुष्कळ होते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, टोपलीत दगड. उन्हातान्हात ओळीने धक्क्यापर्यंत जायचं, ओतायचं, परत फिरायचं. आजी सांगायची की सुरुवातीचे आठ दिवस मान हलवता येत नसे, मग मानेला कळायचं. कपड्यांचा लाल रंग रिठ्यानेही जायचा नाही. वाड्यावरच्या बायकांनी लुगडी वाटून घेतली होती: खाणीवर नेसायचं एक लुगडं तिघींत, पाळी वेगवेगळी. मुरगाव बंदरातून जपानकडे निघालेल्या बोटींत आमच्या वाड्याचा घाम किती होता, हे कुठल्या खात्यात लिहिलेलं नाही.

त्याच काळात चलनही बदललं. १९५९ साली रुपयाच्या जागी एस्कुदो आला, सहा एस्कुदोंचा एक जुना रुपया. पुढे मुक्तीनंतर भारतीय रुपया. तीन-चार वर्षांत तीन तऱ्हेचे पैसे. वाड्यावरची उसनवारी मात्र बिनघोर चालू राहिली, कारण शेर तोच होता.

आणि मग १८ डिसेंबर १९६१ ची पहाट. भारतीय फौजा दोडामार्गच्या बाजूने आत शिरल्या होत्या. मागे हटणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने डिचोली, शापोरा आणि अस्नोडा इथले पूल उडवले. डिचोलीचा पूल उडाला तेव्हा आमच्या वाड्यावरची सगळी बायका-मुलं आजीच्या घरात एका खोलीत दाटीवाटीने बसलेली होती, कारण तेवढ्याच घराला दगडी जोतं होतं. हादऱ्याने उतरंडीची वरची दोन मडकी खाली आली. समोरच्या घराची मातीची भिंत कलली. त्या घरात नवी सून होती, आठ महिन्यांपूर्वी आलेली. नवरा मुंबईला. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हाने शरणागती लिहून दिली. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी विमानातून ती बातमी गोव्याला ऐकवली. सहा वर्षं जंगलातून गुप्त रेडिओ चालवणाऱ्या त्या बाईला २०२५ साली पद्मश्री मिळाली, उशिरा का होईना, आणि मला मनापासून आनंद झाला. समोरच्या घरातल्या त्या सुनेने तेव्हा भिंतीला टेकू लावला. पौषात बायकांचे धालो, म्हणजे नाचगाण्यांच्या रात्री, मांडावर झाले, आणि धालो संपल्यावर तिने आणि आजीने मिळून माती मळून ती भिंत पुन्हा घातली.

युद्धानंतर मिळालं काय, हे मी नाकारणार नाही. १९६३ च्या डिसेंबरात निवडणूक झाली, भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. माझी आई वाड्यावरची पहिली वाचणारी मुलगी. मी हे लिहिते आहे ते त्या शाळेमुळे. १९६४ साली कूळ कायदा आला, १९७६ साली कुळांना जमिनीची मालकी मिळाली, १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकून लावता येणार नाही असा कायदा झाला. गोव्यातल्या गरिबाला यापेक्षा मोठा आधार दुसरा मिळालेला नाही.

पण या कायद्यांचा कागद कुणाच्या नावाने झाला? तरवा लावला बायकांनी, खळ्यावर मळणीला उभ्या राहिल्या बायका, आणि एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात नाव लागलं घरातल्या पुरुषाचं. मुंडकाराचं तर याहून बोलकं आहे. भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा तो मुंडकार, भाटकाराची सेवा करायचं बंधन असो वा नसो, असं कायदा म्हणतो. ती सेवा कोण करत होतं? भाटकाराचं अंगण सारवणं, त्याच्या घरच्या लग्नात भात कांडणं, चवथीला भांडी घासणं, बागायतीत पडलेले नारळ गोळा करणं, यातलं बहुतेक काम मुंडकाराच्या बायकोने केलं. मुंबईत गिरणीत असलेला नवरा ते करूच शकत नव्हता. म्हणजे ज्या सेवेच्या आणि ज्या वास्तव्याच्या जोरावर घर टिकलं, ती दोन्ही तिची. हक्क मात्र लिहिला गेला त्याच्या नावाने.

स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मानाचंही काहीसं असंच झालं. केंद्राची पेन्शन १९७२ साली सुरू झाली. सहा महिन्यांचा तुरुंगवास ही अट, बायकांसाठी तीन महिन्यांची. सुधाताई जोशींसारख्या स्त्रिया तुरुंगात गेल्या, त्यांचा मान त्यांना मिळायलाच हवा. पण तुरुंगात गेलेल्याच्या मागे घर कुणी चालवलं, याला प्रमाणपत्र नसतं. मी पेन्शन मागत नाहीये. त्या श्रमाची दखल घ्यायला आपल्याकडे एकही रकाना नाही, एवढंच दाखवते आहे.

आता यावर जे बोललं जातं ते मला ठाऊक आहे. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालत आली आहे, लग्न झालं की मालमत्ता दोघांची, नवऱ्याला बायकोच्या सहीशिवाय घर विकता येत नाही, मग नावाचा आग्रह कशाला? हा आक्षेप पोकळ नाही. देशातल्या दुसऱ्या राज्यांतल्या बायकांच्या तुलनेत गोव्यातली बाई या बाबतीत खरंच पुढे आहे. पण सही लागते ती विकताना. घर कुणाचं, हे ठरतं त्याच्या कितीतरी आधी, मुंडकार कोण याची चौकशी होते तेव्हा. त्या चौकशीत बाई साक्षीदार म्हणून बोलावली जाते, अर्जदार म्हणून नाही. नवऱ्याने मुंबईत दुसरा संसार थाटला असेल, ती विधवा झाल्यावर दीर घरात शिरला असेल, किंवा लग्नच न केलेली मुलगी आईबापांना सांभाळत त्या घरात म्हातारी झाली असेल, तर संहितेतला अर्धा हिस्सा तिच्या हाती लागेपर्यंत कोर्टात पिढी जाते.

दुसरं म्हणणं असं की, त्या बायका आता राहिल्या कुठे, साठ वर्षांनी हे उकरायचं कशाला? उकरायचं, कारण दावे अजून निकालात निघालेले नाहीत. शेजारचं मये गाव पाहा. १९६१ नंतर तिथला जमीनमालक निघून गेला, १९६४ च्या कायद्याने ती जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात गेली, आणि तिथले लोक आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहिले. विधानसभेने मयेसाठी वेगळा कायदा केला तो २०१४ साली. म्हणजे एका युद्धाचा हिशेब मिटवायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. ज्या गावात हिशेब इतका उशिरा मिटतो, तिथे तो कुणाच्या नावाने मिटवायचा हे विचारायला उशीर झाला म्हणणं पटत नाही.

मागणी अवघड नाही. मुंडकार नोंदणीच्या अर्जात पती-पत्नी दोघांची नावं अर्जदार म्हणून यावीत, आणि घरात प्रत्यक्ष राहिलेल्या बाईचं नाव आधी यावं. वास्तव्याचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती आणि वीजबिल मागतात, ती दोन्ही सहसा पुरुषाच्या नावाने असतात. म्हणून वाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांच्या जबान्याही तितक्याच वजनाच्या मानाव्यात आणि त्या तोडक्यामोडक्या सारांशात न लिहिता त्यांच्या शब्दांत लिहाव्यात. पंचायतींनी ग्रामसभेतून हे काम आताच हाती घ्यावं, कारण ज्यांना १९४२ आठवतं त्या बायका गेल्याच, आणि ज्यांना १९६१ आठवतं त्यांची संख्या दर पावसाळ्यात कमी होते आहे. खालच्या बाजूच्या त्या दोन घरांचीही नोंद त्याच रांगेत, त्याच रजिस्टरात व्हावी. शेर त्यांच्या सुपात वरून ओतला, तसा त्यांचा हक्कही वरून ओतायचा नाही.

खाणी २०१२ साली बंद पडल्या तेव्हा ट्रकवाल्यांचं काय, बार्जवाल्यांचं काय, यावर महिनोन् महिने चर्चा झाली. ती व्हायला हवीच होती. पण यंत्रं आली तेव्हा डोक्यावरची टोपली काढून घेऊन ज्यांना घरी पाठवलं, त्या बायकांचं काय, असं तेव्हा कुणी विचारल्याचं आमच्या वाड्यावर कुणाला आठवत नाही. घराचा कागद हे त्या न विचारलेल्या प्रश्नाचं थोडं तरी उत्तर ठरेल.

समोरच्या घरातली ती सून आज ऐंशी पार आहे. मी तिला मावशी म्हणते. नवरा कधीच गेला. मुंडकारकीच्या दाव्यात तिची जबानी झाली तेव्हा मी तिच्याबरोबर एका कचेरीत गेले होते. या घरात केव्हापासून राहता, असं विचारल्यावर तिने साल सांगितलं नाही. ती म्हणाली, "पूल उडयलो त्या वर्सा हांवें वंटी घाली." समोरच्या तरुण कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं: पूल उडवला त्या वर्षी हिने भिंत घातली. त्याने चांगुलपणाने लिहून घेतलं, '१९६१ पूर्वीपासून वास्तव्य'. मग वरच्या रकान्यात मुंडकार म्हणून मावशीच्या नवऱ्याचं नाव लिहिलं, त्याच्यापुढे 'मयत', आणि तिचं नाव खाली वारसांत, दोन दिरांच्या मुलांच्या मागे.

मावशीने मला ते सगळं मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा. मग अंगठा उठवायला नकार दिला. आता तिच्या स्वतःच्या नावाने नवा अर्ज गेला आहे, साक्षीदार म्हणून माझ्या आईचं आणि खालच्या घरातल्या एका बाईचं नाव आहे. सुनावणीची तारीख पावसाळ्यानंतरची मिळाली आहे.